जादूची चाहूल आणि मायेचा निवाडा

मेजाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच सामग्रीवर आणि केवळ वाणीच्या बळावर एक अख्खे विश्व उभे करणाऱ्या खेळांचा जो प्रकार गेल्या अर्धशतकात अमेरिकेतून जगभर पसरला, आणि ज्याचा आद्य नमुना म्हणून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चेच नाव घ्यावे लागते, त्या खेळातील एका जुन्या वादाचा येथे काहीसा सविस्तर विचार करावयाचा आहे. वाद असा की, एका मांत्रिकाने मायेच्या सामर्थ्याने नसलेली भिंत उभी केली आणि दुसऱ्याने जादूचे अस्तित्व उघड करणारा मंत्र जपून त्या भिंतीकडे पाहिले, तर त्या दुसऱ्याला नेमके कळते काय? भिंत खोटी आहे असे कळते, की त्या ठिकाणी काही जादू वावरत आहे इतकेच कळते? माझे मत या दुसऱ्या पक्षाला आहे, आणि ते मत केवळ नियमपुस्तकातील एखाद्या कलमाच्या आधाराने नव्हे, तर या खेळाच्या स्वरूपावरूनच सिद्ध होते, असे मी मानतो.

या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एकजण, ज्याला डन्जन मास्टर म्हणतात, तो त्या पात्रांभोवतीचे जग शब्दांनी उभे करतो. खेळाडूला त्या जगाचे जे काही ज्ञान होते ते सर्व डन्जन मास्टरच्या मुखातून होते. त्याला त्या जगात दुसरा डोळा नाही, दुसरा कान नाही. या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. ‘तुमच्यासमोर दगडी भिंत आहे’ हे वाक्य डन्जन मास्टर खऱ्या भिंतीविषयी उच्चारतो तेव्हा आणि मायेच्या भिंतीविषयी उच्चारतो तेव्हा ते अक्षरशः एकच वाक्य असते. चित्रपटात खोट्या देखाव्याची कड कधी उघडी पडते, कादंबरीत लेखकाची लेखणी एखाद्या विशेषणाने फितूर होते. येथे मात्र खरी भिंत आणि खोटी भिंत ही दोन्ही एकाच द्रव्याची, म्हणजे शब्दांची, बनलेली असतात, आणि त्यांच्यातला भेद खेळाडूने पुढे काय विचारले, काय केले आणि नियमांनी त्याला काय उत्तर दिले यातूनच प्रकट होऊ शकतो. म्हणून या खेळात मायाविद्येला जे स्थान आहे ते अग्निगोलक फेकण्याच्या विद्येला कधीच येणार नाही. अग्निगोलकाने शत्रूच्या शरीरावर परिणाम होतो. माया मेजाशी बसलेल्या जिवंत माणसाच्या बुद्धीवरच आपला अंमल बसवू पाहते.

माया आणि तिचा शोध ही जोडी या खेळाच्या जन्मापासूनची आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या नावांनी जी तीन छोटी पुस्तके एका पेटीत प्रसिद्ध झाली, त्यांतच ‘डिटेक्ट मॅजिक’ हा पहिल्या पातळीचा आणि ‘फँटॅस्मल फोर्सेस’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र आढळतो. त्या आद्य मायामंत्राची व्याख्या फार मार्मिक होती: मांत्रिकाचे चित्त एकाग्र असेतो ती प्रतिमा टिकावी, सजीव प्राण्याचा स्पर्श होताच ती नाहीशी व्हावी, परंतु पाहणाराने ती खरी मानली तर तिच्यापासून होणारी इजाही खरी ठरावी. म्हणजे मिथ्या वस्तूचे सामर्थ्य पाहणाराच्या श्रद्धेवर अवलंबून आहे, हे तत्त्व खेळाच्या आरंभीच्याच मसुद्यात नोंदले गेले होते. पुढे १९७५च्या हिवाळ्यात ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात पीटर ॲरनसन यांनी ‘इल्यूजनिस्ट’ हा मायावी मांत्रिकांचा स्वतंत्र वर्ग मांडला, आणि १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याला रीतसर जागा मिळाली.

या १९७८च्या ग्रंथातील एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. तेथे मायावी मांत्रिकाच्या पहिल्याच पातळीवर ‘डिटेक्ट इल्यूजन’ नावाचा मंत्र दिलेला आहे, ज्याच्या योगाने त्याला माया ही माया म्हणूनच दिसते, आणि दुसऱ्या कोणाला त्याने दोन्ही हातांनी स्पर्श केला तर त्यालाही ती तशी दिसू शकते. सामान्य मांत्रिकाच्या यादीत हा मंत्र नाही. त्याच्यापाशी आहे तो ‘डिटेक्ट मॅजिक’. उलट मायाव्याला ‘डिटेक्ट मॅजिक’ मिळतो तो दुसऱ्या पातळीवर. जादू आहे हे जाणणे आणि माया आहे हे जाणणे या दोन भिन्न विद्या आहेत, आणि मायेची पारख ही माया रचणाराच्याच अखत्यारातली गोष्ट आहे, हा निवाडा त्या याद्यांच्या रचनेतच अंतर्भूत होता. दोन्ही विद्यांचे काम एकाच मंत्राने भागत असते, तर दुसरा मंत्र लिहिण्याचे प्रयोजनच उरले नसते.

ही विभागणी पुढे टिकली नाही. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा ‘डिटेक्ट इल्यूजन’ मूळ ग्रंथात उरलेला नव्हता, आणि ‘डिटेक्ट मॅजिक’ हा शून्य पातळीचा, म्हणजे अगदी नवशिक्यालाही साध्य होणारा, मंत्र असूनही विलक्षण तपशीलवार झाला. पहिल्या फेरीत जादू आहे की नाही एवढे कळावे, दुसऱ्या फेरीत किती ठिकाणी आहे आणि त्यांतील सर्वांत प्रबळ जादू किती बळाची आहे ते कळावे, तिसऱ्या फेरीत प्रत्येकीचे स्थान व बळ कळावे, आणि जादूचे ठिकाण दृष्टीच्या टापूत असेल तर अंगच्या कौशल्याची कसोटी लावून ती कोणत्या विद्याशाखेची आहे (माया ही त्यांतलीच एक शाखा) हेही ठरवता यावे, असा तो शिरस्ता होता. एक फेरी सहा सेकंदांची. तेव्हा अवघ्या अठरा सेकंदांत एखादा उमेदवार मांत्रिक, आपल्याहून कितीतरी श्रेष्ठ अशा मायाव्याने उभारलेल्या भिंतीकडे बोट दाखवून ‘येथे मायाशाखेची जादू आहे’ असे सांगू शकू लागला. खरा वाद सुरू होतो तो येथून.

मेजावर हा प्रसंग कसा घडतो ते पाहावे. अंधारी वाट एका भिंतीशी येऊन संपते. मांत्रिकाची भूमिका करणारा खेळाडू मंत्र जपल्याचे सांगतो. डन्जन मास्टर म्हणतो, “समोरच्या भिंतीपाशी मंद तेज दिसतंय. मायाशाखेचं.” लगेच तो खेळाडू शेजारच्याला म्हणतो, “अरे, भिंत खोटी आहे, चल आत!” आणि योद्ध्याचे पात्र बेधडक पुढे निघते. या क्षणी पुष्कळ डन्जन मास्टर हताशपणे ती भिंत विरून जाऊ देतात. अनेक दिवस खपून रचलेला डाव एका वाक्यात संपतो, आणि मायाविद्या ही या खेळात कुचकामाची आहे असा ग्रह मेजाशी बसलेल्या सर्वांचा होऊन बसतो. परंतु खेळाडूच्या त्या उद्गारात जो तर्कदोष आहे तो कोणी बोलून दाखवत नाही.

आपल्याकडील न्यायशास्त्राने हा दोष फार पूर्वी ओळखला होता. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान निर्दोष; जेथे अग्नी तेथे धूर, हे सदोष, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि त्या अटीलाच उपाधी म्हणतात, हे अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाशी परिचय असलेला विद्यार्थीही सांगेल. खोट्या भिंतीपाशी मायाशाखेचे तेज असते हे खरे. म्हणून जेथे मायाशाखेचे तेज तेथील भिंत खोटी, असे मात्र निघत नाही. भिंत खरी असेल आणि तिच्यातील दार मायेने झाकलेले असेल. भिंत खरी असेल आणि तिचा केवळ रंग, केवळ जीर्णपणा, केवळ तिच्यावरचा शिलालेख मायेचा असेल. भिंत खरी असेल आणि तिला टेकून उभा असलेला पहारेकरी मायेने अदृश्य झालेला असेल. तेज हे लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, आहे, आणि तेही अनेक साध्यांशी, म्हणजे सिद्ध करावयाच्या गोष्टींशी, जोडलेले. त्यातून एकच साध्य काढून दाखवणे हा सव्यभिचार, म्हणजे साध्य नसेल तेथेही आढळणारा, हेतू होय.

मायावी जर बुद्धिमान असेल, आणि या खेळातील मायावी बुद्धिमान असलाच पाहिजे, तर तो या दोषाचाच सापळा करील. वाटेत वीतभर खोल, सहज ओलांडता येण्याजोगा खड्डा दिसतो. त्याच्यापाशी मायाशाखेचे तेज आहे. पथक ठरवते की खड्डा नाहीच, आणि सरळ त्यावर पाऊल टाकते. खड्डा आहे, खोटा आहे तो त्याचा तळ. याहून सूक्ष्म साधनही नियमांनी त्याच्या हाती दिलेले आहे. ‘निस्टुल्स मॅजिक ऑरा’ या जुन्या मंत्राचे २०१४च्या पाचव्या आवृत्तीतील रूप असे आहे की, त्याच्या योगाने निर्जादू वस्तू जादूची भासवता येते, जादूची वस्तू निर्जादू भासवता येते, किंवा वस्तूचे तेज हव्या त्या विद्याशाखेचे करता येते. आणि एकाच वस्तूवर तोच मंत्र तीस दिवस रोज घातला की तो परिणाम, कोणी मुद्दाम मोडेपर्यंत, कायमचा होतो. आता एखाद्या मायाव्याने आपल्या तळघराच्या साध्या, सागवानी, खऱ्याखुऱ्या दाराला मायाशाखेचे तेज चढवून ठेवले आहे, अशी कल्पना करा. पथक येते, शोधमंत्र चालवते, दार खोटे ठरवते, आणि खरे दार शोधण्यासाठी शेजारच्या भिंती ठोकीत बसते. त्या भिंती ठोकल्याचा आवाज पहारेकऱ्यांपर्यंत जातो. येथे मायाव्याने एकही खोटी वस्तू दाखवलेली नाही. त्याने खऱ्या वस्तूवर फक्त संशयाचा शिक्का मारला. मायाविद्येचा इतका निर्मळ विलास मला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे, आणि तो शक्य होतो तो शोधमंत्र अस्तित्वात आहे म्हणूनच. शोध हा मायेचा शत्रू आहे असे मानणारे या बाजूचा विचार करीत नाहीत.

याला एक वजनदार आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. खेळाडूने आपली मर्यादित शक्ती खर्चून मंत्र म्हटला. त्याबदल्यात त्याला निर्णय मिळणार नसेल, नुसता संशयच मिळणार असेल, तर त्याची फसवणूक झाली नाही काय? मला वाटते, झाली नाही. ज्या अंधाऱ्या वाटेवर चाळीस ठिकाणी पाहावे लागले असते, तेथे कोणत्या एका ठिकाणी पाहावे हे त्याला कळले, आणि तपास करणाऱ्या कोणालाही विचारा, हे ज्ञान लहान नाही. पंचनामा म्हणजे फैसला नव्हे. पण पंचनाम्यावाचून फैसला व्हायचा कसा? शिवाय संशयाचे निर्णयात रूपांतर करण्याचे मार्ग नियमांनी मोकळे ठेवले आहेत. तिसऱ्या आवृत्तीत मायेची प्रतिमा नुसती दृष्टीस पडल्याने ती ओळखण्याची संधी मिळत नाही. तिचे काळजीपूर्वक निरीक्षण करावे लागते किंवा तिच्याशी काही व्यवहार करावा लागतो, तेव्हा फासा टाकण्याचा हक्क येतो. पाचव्या आवृत्तीत एक कृती खर्चून प्रतिमा तपासावी लागते आणि बुद्धीच्या कसोटीला उतरावे लागते. किंवा सरळ हात घालून पाहावा लागतो, कारण हात आरपार गेला की माया उघडी पडते. तेज दिसणे हे या निरीक्षणाचे निमित्त होय; निरीक्षणाचा पर्याय नव्हे.

तिसऱ्या आवृत्तीत याच संदर्भात दोन कलमे आहेत, ती शेजारी ठेवून वाचावीत. पहिले असे की, माया खोटी असल्याचा पुरावाच समोर आला तर फासा टाकण्याची गरज नाही. दुसरे असे की, एकाने माया ओळखली आणि सोबत्यांना तसे सांगितले, तर त्यांना आपापला फासा टाकताना चारची वाढ मिळते. दुसरे कलम विशेष विचारपूर्वक लिहिलेले आहे. विश्वासू सोबती शपथेवर सांगतो आहे की ही भिंत नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याला मिळते ती चारची सवलत; निश्चय नव्हे. आप्तवाक्याने शंका बळावते, पण डोळ्यांना दिसणारी भिंत त्याने पुसली जात नाही. आता ज्या नियमावलीत प्रत्यक्ष ओळखलेल्या माणसाच्या जबानीला एवढेच मोल आहे, तिच्यात ‘येथे मायाशाखेचे काहीतरी आहे’ अशा मोघम तेजाला पहिल्या कलमातला पुरावा म्हणून मान्यता देणे विसंगत होईल. ज्या डन्जन मास्टरांनी तशी मान्यता दिली त्यांनी औदार्य दाखवले असेल, पण नियमांचा आशय त्यांच्या बाजूने नाही.

तिसऱ्या आवृत्तीवरच बेतलेल्या २००९च्या ‘पाथफाइंडर’ या खेळाने शून्य पातळीचे मंत्र अमर्याद वेळा म्हणण्याची मुभा दिली, आणि मग प्रत्येक दालनात शिरताना शोधमंत्र चालवणे ही काही मेजांवर वहिवाटच होऊन बसली. त्याच खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीने यावर जो उपाय योजला तो असा: मायामंत्राची पातळी शोधमंत्राच्या पातळीहून कमी असेल तरच ती माया शोधात सापडावी, मात्र जिचा हेतू दिसण्यात फसवण्याचा नाही, उदाहरणार्थ अदृश्य होण्याचे औषध, अशी वस्तू नेहमीप्रमाणे सापडावी. या उपायाने मायाव्याची अब्रू राखली गेली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. उमेदवाराने श्रेष्ठाची कला अठरा सेकंदांत उघडी पाडावी हा अन्याय त्याने दूर केला. तरीही मला तो उपाय पुरता समाधानकारक वाटत नाही. त्याने वाद अंकगणिताकडे सोपवला. पातळी कमी असेल तर माया सापडते आणि पातळी समान वा अधिक असेल तर तेजच दिसत नाही, या दोन्ही निकालांत खेळाडूच्या विचारशक्तीला कामच उरत नाही. ज्याला तेज दिसले नाही तो संशयच घेत नाही, आणि जो संशय घेत नाही त्याला फसवण्यात मायाव्याचेही कौशल्य लागत नाही.

त्यापेक्षा तेज दिसू द्यावे, आणि जगच असे रचावे की त्या तेजाचा अर्थ आपोआप लागू नये, हा मार्ग मला अधिक श्रेयस्कर वाटतो. ज्या नगरात जादू सुलभ आहे तेथे माया केवळ दरोडेखोर आणि दुष्ट मांत्रिक वापरतील हे संभवत नाही. सरदाराच्या दिवाणखान्यात ओल आलेल्या भिंतीवर मायेची नक्षी असेल; वृद्ध नटीच्या शालीत मायेचे तारुण्य विणलेले असेल; देवळाच्या सभामंडपात उत्सवापुरते मायेचे नक्षत्रमंडळ टांगलेले असेल. डन्जन मास्टरने अशी निरुपद्रवी तेजे वाटेत विखरून ठेवली, म्हणजे माया आणि कपट यांची व्याप्ती, म्हणजे अतूट जोडी, खेळाडूच्या मनातून आपसूक सुटते, आणि अंधाऱ्या वाटेवरच्या त्या भिंतीपाशी तेज दिसल्यावर तो ‘भिंत खोटी’ असे न ओरडता ‘काय खोटे आहे?’ असे विचारू लागतो. उलट, जेथे धोका आहे तेथेच तेजाचे वर्णन करणारा डन्जन मास्टर स्वतःच्याच शब्दांनी माया उघड करीत असतो, मग नियमपुस्तकात काहीही लिहिलेले असो.

पाचव्या आवृत्तीच्या शब्दरचनेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती चतुर खेळाडूंच्या उपयोगाची आहे. तेथे शोधमंत्राने तीस फुटांच्या आतील जादूची जाणीव होते, आणि एक कृती खर्चल्यास जादू धारण करणाऱ्या दृश्य प्राण्याभोवती वा वस्तूभोवती तेज दिसते. मायेची प्रतिमा ही प्राणीही नव्हे आणि वस्तूही नव्हे. तेव्हा शब्दशः वाचल्यास तिच्याभोवती तेज दिसण्याचे कारण नाही, नुसती जाणीवच व्हावी, असे म्हणता येईल, आणि हा अर्थ मला ग्राह्य वाटतो. पण त्याच कलमात असेही आहे की एक फूट दगड, एक इंच सामान्य धातू, शिशाचा पातळ पत्रा, किंवा तीन फूट लाकूड वा माती मध्ये आली तर हा मंत्र अडतो. म्हणून दुसरी जादू कोठेच नाही अशा वाटेवर सोबत्याने जादूची तलवार घेऊन संशयित भिंतीपलीकडे, दुसऱ्या बाजूने फिरून, जावे. जादूची जाणीव आधी जितकी होती तितकीच राहिली की त्यात भर पडली, हे मांत्रिकाने डन्जन मास्टरला विचारावे. भर पडली असेल तर मध्ये फूटभर दगड नाही. या अनुमानात तेजावर किंवा विद्याशाखेवर काही विसंबलेले नाही; मायेची भिंत डोळ्यांना अडवते, पण मंत्राला अडवण्याइतके दगडपण तिच्या अंगी नसते, एवढ्या एका भेदावर ते उभे आहे. असा प्रश्न ज्या मेजावर विचारला जातो तेथे खेळ आपल्या पूर्ण उंचीला पोहोचलेला असतो.

माया ओळखल्यानंतर तिचे काय होते, हाही याच विचाराचा भाग आहे. वेदान्ती लोक भ्रमाचे दोन प्रकार करतात. दोरीवरचा साप दोरी कळताच जातो, तो निरुपाधिक भ्रम. जास्वंदीजवळचा स्फटिक लाल नाही हे कळूनही लालच दिसत राहतो, तो सोपाधिक. या खेळाच्या निर्मात्यांना हा भेद ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु त्यांचे नियम त्याच्याशी आश्चर्यकारकपणे जुळतात. साधी प्रतिमा ओळखली गेली की ती पारदर्शक होते आणि तिच्यातून पलीकडचे दिसू लागते. मात्र पाचव्या आवृत्तीतील ‘मिराज अर्केन’ या सातव्या पातळीच्या मंत्राने एक चौरस मैलापर्यंतचा प्रदेश दहा दिवस दुसऱ्याच रूपात दिसतो, ऐकू येतो, आणि स्पर्शालाही तसाच लागतो. दिव्यदृष्टी लाभलेल्या पात्राला त्याखालचे खरे रूप दिसते, पण मायेचे बाकीचे सर्व गुण त्याच्यापुरतेही शाबूत राहतात, आणि माया माहीत असूनही त्याला तिच्याशी शारीरिक व्यवहार करता येतो. सपाट माळावर उभ्या केलेल्या टेकडीखालचा माळ त्याला दिसेल, आणि तरीही तो ती टेकडी चढू शकेल. येथे सहाव्या पातळीचा ‘ट्रू सीइंग’ मंत्र म्हणून आलेला मांत्रिक आपला हक्क गाजवू पाहतो, आणि पुष्कळदा डन्जन मास्टर त्याच्या दडपणाखाली संपूर्ण मायाच त्याच्यापुरती रद्द करून टाकतात. तसे करू नये. त्याला दोन्ही वर्णने द्यावीत, माळाचेही आणि टेकडीचेही, पहिले डोळ्यांच्या नावाने आणि दुसरे पायांच्या नावाने, आणि टेकडीमागे दबा धरून बसलेले धनुर्धारी त्याला दिसत असताना त्याच्या सोबत्यांना ते दिसत नाहीत हे सांगून, पुढचा निर्णय त्याच्यावर सोपवावा.